थायरॉईडची गोळी थांबवायची असेल तर

थायरॉईडची गोळी बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सहसा काहीच जाणवत नाही. फसगत होते ती इथेच. गोळीतलं थायरॉक्सिन (गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बनवते तेच संप्रेरक) रक्तातून फार सावकाश कमी होतं, आठवड्याला साधारण निम्मं. ग्रंथी स्वतः काहीच करत नसेल तर गोळी सोडल्यापासून आठवड्याने अर्धं, दोन आठवड्यांनी पाव आणि महिन्याभराने जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. तोवर माणूस म्हणतो, “गोळीशिवाय चाललंय की!” आणि शेजारणीलाही तसंच सांगतो. दीड-दोन महिन्यांनी अंग जड होतं, पोट साफ होत नाही, तोंड सुजतं, तेव्हा गोळी सोडल्याची आठवण कुणाला नसते. दोष पावसाला जातो, नाहीतर वयाला.

दुसरी गल्लत रिपोर्टची. “टीएसएच नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?” हा प्रश्न बेळगावपासून निपाणीपर्यंत प्रत्येक औषध दुकानात ऐकू येतो. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा इशारा; थायरॉईड कमी पडला की तो आकडा वाढतो. ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. ग्रंथी सुधारली की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला गोळी रीतसर कमी करून, ठरलेल्या तारखांना रक्त तपासावं लागतं. ती रीत पुढे दिली आहे. गोळी थांबवणं चुकीचंच असतं असं नाही. काहींची ती खरोखर थांबते, आणि काहींना मुळात नको असताना सुरू झालेली असते. पण हा प्रयोग डॉक्टरांना सांगूनच करायचा, गुपचूप नाही.

आधी हातातली बाटली वाचा

‘थायरॉईडची गोळी’ या एकाच नावाखाली दोन उलट औषधं घेतली जातात. लेबलवर ‘लेव्होथायरॉक्सिन’ किंवा ‘थायरॉक्सिन सोडियम’ असेल (थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी मिळते), तर ती ग्रंथी कमी काम करते म्हणून दिलेली भरपाई आहे. तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो: १२.५, २५, ५०, ७५, ८८, १०० असा चढता. लेबलवर ‘कार्बिमॅझोल’ असेल आणि डोस ५, १० किंवा २० मिलिग्रॅम असेल, तर ती वाढलेला थायरॉईड दाबण्याची गोळी आहे. हा लेख पहिल्या गोळीबद्दल आहे.

कार्बिमॅझोलवाल्यांनी दोनच गोष्टी लक्षात ठेवा. ती साधारण १२ ते १८ महिने चालते आणि मध्येच सोडली तर थायरॉईड पुन्हा उसळतो, कधी जिवावर बेतेल इतका. मात्र ही गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखणं एकदम सुरू झालं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित या औषधाने त्या धोकादायकरीत्या घटतात. शिवाय कार्बिमॅझोलचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर कमी थायरॉईडची सगळी लक्षणं दिसतात, तेव्हा खालची लक्षणं त्यांनीही वाचावीत.

ज्यांनी गोळी बंद करायचीच नाही

शस्त्रक्रियेत पूर्ण ग्रंथी काढलेली माणसं, रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन) घेतल्यावर थायरॉईड कमी झालेली माणसं, थायरॉईडचा कर्करोग झालेली माणसं. यांच्या शरीरात थायरॉक्सिन बनवायला काही उरलेलंच नसतं, किंवा नगण्य असतं. मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या दोषामुळे ज्यांना गोळी लागते, त्यांचंही तेच. पहिल्या तपासणीत टीएसएच १०च्या बरंच वर आणि टी४ (रक्तातलं थायरॉक्सिन) कमी होतं, शिवाय टीपीओ अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध बनवतं ती प्रतिपिंडं) वाढलेल्या आहेत, त्यांचा आजार बहुधा हाशिमोटोचा. त्यात शरीर स्वतःच ग्रंथी हळूहळू निकामी करतं आणि ती गोळी सहसा जन्मभर लागते.

गरोदर बाईने तर एक दिवसही नाही. पोटातल्या बाळाची थायरॉईड ग्रंथी पहिले तीन महिने काम करत नाही. बाळाच्या मेंदूची वाढ तेव्हा आईच्या थायरॉक्सिनवर चालते. “दिवस गेलेत, आता गोळ्या नकोत” असं सांगणाऱ्या घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण इथे तो बाळाच्या मुळावर येतो. उलट दिवस गेल्याचं कळताच गरज साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा वाढते. आधीपासून गोळी चालू असलेल्यांना अनेक डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात आणि लगेच टीएसएच करतात. पुढे निम्मे महिने भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी, मग ३० आठवड्यांच्या सुमारास एकदा. आपला डोस ताई कार्डावर (गरोदर बाईच्या नोंदींचं सरकारी कार्ड) लिहून घ्या, म्हणजे बाळंतपण गावात झालं काय आणि बेळगावात झालं काय, तो डॉक्टरांच्या नजरेसमोर राहतो.

जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळाची गोळी तीन वर्षांच्या आत थांबवू नये. तीन वर्षांनंतर, काही मुलांमध्ये, डॉक्टर चार आठवडे गोळी थांबवून दोष कायमचा होता की तात्पुरता हे बघतात. तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा, आजीचा नव्हे.

कोणाची थांबू शकते

पहिला गट म्हणजे टीएसएच किंचित वाढलेलं पण टी४ नॉर्मल असलेले. टीएसएच ५, ६, ७ असा एकाच तपासणीत आकडा आला आणि लगेच गोळी सुरू झाली, असं फार घडतं. तापातून उठल्यावर, टायफॉईड किंवा डेंग्यूनंतर टीएसएच काही काळ वर जातं आणि आपोआप खाली येतं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच ठरवायला हवं होतं. ते राहून गेलं असेल तर आता करता येतं. सत्तरीच्या पुढे टीएसएच ६-७पर्यंत असणं बहुधा वयाचाच भाग असतो.

दुसरा गट बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलेल्या बायकांचा. यात बहुधा आधी एक-दोन महिने थायरॉईड वाढतो, छाती धडधडते, वजन उतरतं. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास तो कमी पडतो. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींची नाही. साधारण वर्ष झाल्यावर कमी करून बघायचं. पण पुन्हा दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असेल किंवा अंगावर पाजणं चालू असेल तर तेव्हा नाही.

मान दुखून, ताप येऊन गेलेल्या थायरॉईडच्या सुजेनंतर, किंवा लिथियम (मनाच्या आजाराचं), अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं) यांसारख्या औषधांमुळे ज्यांना गोळी लागली त्यांचं मूळ कारण गेलं की गोळीही जाऊ शकते. आणि केवळ वजन, थकवा किंवा केस गळतात म्हणून, तपासणी धड न करता ज्यांना गोळी दिली गेली त्यांचा एक गट आहेच.

आपण कुठे बसतो याचा अंदाज डोसवरूनही येतो. ग्रंथी पूर्ण बंद असलेल्या प्रौढाला वजनाच्या दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. तेवढ्या वजनाला १०० किंवा ११२ चालू असेल तर ग्रंथी स्वतः फारसं काही करत नाही. २५ किंवा ५० वरच टीएसएच नीट राहत असेल तर ती थोडंफार करते आहे. आशा तिथे जास्त. तरीही हे ध्यानात ठेवा की गोळी थांबवून पाहिलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्साच गोळीशिवाय नीट राहतो, आणि टीपीओ अँटिबॉडी वाढलेल्यांमध्ये ते प्रमाण आणखी कमी.

थांबवण्याआधीचे आठ दिवस

जुने सगळे रिपोर्ट शोधा, विशेषतः गोळी सुरू होण्याआधीचा पहिला. निम्मा निर्णय त्या एका कागदात असतो. आपल्या भागात एकाची तपासणी बेळगावात, डॉक्टर कोल्हापूरचे आणि गोळी गावातल्या दुकानाची, असं सर्रास असतं आणि कागद तीन ठिकाणी विखुरतात. आकडे जुळवताना एकक बघा. टीएसएचला कुणी ‘मिलि-युनिट प्रति लिटर’ लिहितं, कुणी ‘मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर’. दोन्ही एकच. फ्री टी४चं (रक्तातल्या मोकळ्या टी४चं) तसं नाही. एका लॅबचा १ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे दुसऱ्या लॅबचे जवळजवळ १३ पिकोमोल प्रति लिटर. १.१ वरून १४ झालं म्हणून घाबरलेली माणसं असतात, फरक फक्त मापाचा असतो. शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.

आत्ता करायच्या तपासण्या: टीएसएच, फ्री टी४, पूर्वी झाली नसेल तर टीपीओ अँटिबॉडी, आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन एवढ्यासाठी की रक्त कमी असल्याचा थकवा आणि थायरॉईडचा थकवा अंगावर सारखेच वाटतात. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या. गोळीनंतर दोन-चार तास फ्री टी४ उगाच वर दिसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो. आणि तपासणीच्या आदल्या चार दिवसांतच गोळी नेमाने घेण्याची युक्ती करू नका. त्यात टी४ चांगलं आणि टीएसएच चढं असं चित्र येतं, जाणता डॉक्टर ते लगेच ओळखतो.

मग स्वतःच्या नोंदी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुरतात. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर. नाडी आठवड्यातून दोनदा, अंथरुणातून उठण्याआधी: मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकं टेकवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी मध्ये येते. नेहमी ७६ असणारी नाडी हळूहळू ६०च्या खाली जायला लागली तर ते सांगण्यासारखं आहे, अर्थात ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अशी नाडी मंद करणारी गोळी चालू नसेल तर. आणि मोबाईलवर आपल्या आवाजात हरिपाठाच्या किंवा मनाच्या श्लोकाच्या चार ओळी रेकॉर्ड करून ठेवा, दर पंधरा दिवसांनी त्याच ओळी पुन्हा. आवाज घोगरा, जड झालेला स्वतःला रोज ऐकताना कळत नाही. दोन रेकॉर्डिंग लागोपाठ लावली की लगेच कळतं.

कमी करण्याची रीत

डोस ५० किंवा कमी असेल आणि वर सांगितल्यापैकी धोक्याचं काही नसेल तर बरेच डॉक्टर थेट थांबवतात. जास्त असेल तर आधी निम्मा करतात, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात, ते ठीक असेल तरच पुढचं पाऊल. सहा आठवडेच का, तर टीएसएचला नव्या पातळीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. पंधराव्या दिवशी केलेली तपासणी पैसे वाया घालवते, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘नॉर्मल’ म्हणून खोटा धीर देते.

निम्म्या डोससाठी गोळी विळ्याने किंवा दाताने तोडू नका, तुकडे कमीजास्त होतात. ५०ची निम्मी २५ वेगळी मिळते, २५ची निम्मी १२.५ही मिळते. मधला डोस हवा असेल तर एक दिवस ५०, एक दिवस २५ असं चालतं. औषध आठवडाभर रक्तात टिकत असल्याने शरीराला सरासरीच पोचते. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहून ठेवा, नाहीतर आठवड्यात घोळ होतो.

पूर्ण थांबवल्याची तारीख लाल शाईने लिहा. तपासणी सहाव्या ते आठव्या आठवड्यात, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी. पहिली तपासणी चांगली आली तरी पुढच्या चुकवू नका. हाशिमोटोचा आजार वर्षभराने, दोन वर्षांनीही डोकं वर काढतो.

प्रयोगाची वेळही निवडा. लग्नसराई, सुगी, मुलाची दहावी अशा धावपळीत किंवा मोठ्या आजारपणातून नुकतंच उठल्यावर सुरू करू नका. लक्षण कशाचं ते कळतच नाही.

शरीर काय सांगतं

यांपैकी एकेक लक्षण कुणालाही, कशानेही येऊ शकतं. तीन-चार एकत्र आणि हळूहळू वाढत जाताना दिसली तर संशय धरायचा.

बहुधा आधी येते ती थंडी आणि सुस्ती. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात थंडी सगळ्यांनाच वाजते, म्हणून तुलना घरातल्या माणसांशी करा. बाकीच्यांना एक पांघरूण पुरतं तिथे तुम्हाला दोन लागतात, मे महिन्यात पंखा नकोसा होतो, हातपाय गार पडतात आणि घाम जवळजवळ येतच नाही. सुस्ती म्हणजे कामाचा शीण नव्हे. शीण झोपेने जातो. ही आठ तास झोपूनही सकाळी तशीच असते, आणि दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. भांगलणीला गेलेली बाई सरीच्या शेवटी सगळ्यांच्या मागे राहते, जिना चढताना मांड्या जड होतात, पोटरीत गोळे येतात.

पोट: रोज साफ होणारं एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी. खाणं वाढलं नसताना वजन दोन-चार किलो चढतं. त्यातला बराच भाग पाण्याचा असतो. दहा-पंधरा किलो वाढलं असेल तर एकट्या थायरॉईडला दोष देऊ नका.

चेहऱ्याकडे नीट बघा. सकाळी पापण्यांखाली फुगवटा, गाल भरलेले, रंग फिकट पिवळसर. केस रुक्ष होऊन विंचरताना गळतात. भुवईचा बाहेरचा, कानाकडचा भाग विरळ होतो. जीभ जाड वाटते, घोरणं वाढतं. कातडी कोरडी, कोपरं खरखरीत. पायावरची सूज तपासायची असेल तर नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबा. साध्या सुजेत खळगा राहतो, थायरॉईडच्या सुजेत सहसा राहत नाही, कातडीच जाड झालेली असते. अंगठी बोटात रुतते, चप्पल घट्ट होते.

हाताला मुंग्या येणं हे असं लक्षण आहे जे आपल्याकडे हमखास निसटतं. मनगटात सूज येऊन शीर दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होतं, हात झटकला की बरं वाटतं. निपाणीत विड्या वळणारी बाई ते विड्यांवर घालते, वडगाव-शहापुरातला विणकर मागावर. काम हे कारण असूच शकतं, पण दोन्ही हातांना, आणि वर सांगितलेल्यापैकी आणखी काही जोडीला असेल तर टीएसएच करून घ्या.

बायकांमध्ये पाळी जास्त जाते, जास्त दिवस चालते, कधी अनियमित होते. मूल राहायला अडचण येते, राहिलं तर गर्भपाताचा धोका वाढतो. मन उदास राहतं, बोललेलं विसरतं, हिशेबाला वेळ लागतो. वयस्कर माणसात एवढंच लक्षण असतं आणि घरचे ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. ऐकू कमी येणं, चाल मंदावणं, कोलेस्टेरॉल अचानक चढणं यांच्यामागेही कमी थायरॉईड निघतो. मुलांमध्ये उंची थांबणं हे मोठं लक्षण. वर्गातल्या बरोबरीच्यांसारखी वर्षभर उंची वाढली नाही, अभ्यासात मागे पडलं, तर वाट बघू नका.

डॉक्टरांकडे गेलात की घोट्यामागच्या जाड शिरेवर हातोडी मारून बघायला सांगा. थायरॉईड कमी असेल तर पाऊल झटक्याने खाली जातं पण परत यायला रेंगाळतं.

एक वेगळं प्रकरण. बाळंतपणात फार रक्त गेलं, त्यानंतर दूधच आलं नाही, पाळी पुन्हा सुरू झाली नाही, आणि वर्षानुवर्षं अशक्तपणा आहे, अशी बाई घरात असेल तर तिचं टीएसएच नॉर्मल येऊनही थायरॉईड कमी असू शकतो, कारण बिघाड पिट्यूटरीत असतो. तिथे फ्री टी४ बघावं लागतं आणि कॉर्टिसॉलही (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं संप्रेरक). अशा बाईला कॉर्टिसॉलची कमतरता भरून न काढता नुसती थायरॉईडची गोळी सुरू केली तर ती अत्यवस्थ होऊ शकते.

तातडीने दवाखाना

महिनोन्महिने गोळी बंद आहे, त्यात न्यूमोनिया किंवा कुठलाही मोठा संसर्ग झाला, कडाक्याची थंडी लागली किंवा झोपेची गोळी दिली गेली, तर शरीर पार मंदावतं. बहुधा वयस्कर माणसात. माणूस सारखा गुंगीत असतो, हाक मारल्यावर तुटक उत्तर देतो किंवा भलतंच बोलतो, अंग बर्फासारखं गार, तापमान ३५ अंशांच्या (फॅरनहाइटमध्ये ९५च्या) खाली, श्वास आणि नाडी मंद. संसर्ग असूनही ताप नसतो, म्हणून घरचे निवांत राहतात. यात मृत्यूचं प्रमाण मोठं आहे.

१०८ला फोन करा. अतिदक्षता विभाग असलेलं ठिकाण गाठा. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, किंवा केएलईचं रुग्णालय. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ पडतं. वाटेत घोंगडी, चादर गुंडाळा, पण गरम पाण्याच्या पिशव्या किंवा शेक देऊ नका. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फाकून रक्तदाब कोसळतो. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात गोळी, चहा, पाणी काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. गोळीची रिकामी बाटली आणि जुना रिपोर्ट सोबत घ्या, आणि दारातच सांगा: “थायरॉईडची गोळी अमुक महिन्यांपासून बंद आहे.” आतल्या डॉक्टरला मराठी येत नसलं तरी बाटलीवरचं लेबल त्याला वाचता येतं.

आकडा आला, आता काय

बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा ०.४ ते ४ किंवा ४.५ असते. गोळी थांबवून त्यात राहिलं तर गोळी नको, तपासण्या मात्र ठरल्याप्रमाणे. १०च्या वर गेलं, किंवा टी४ खाली आलं, तर गोळी परत सुरू, त्यावर वाद नको. मधे, म्हणजे ५ ते १०मध्ये, लक्षणं, वय, अँटिबॉडी आणि मूल हवं आहे का हे बघून ठरतं. मूल हवं असेल तर गोळीकडे झुकावं, सत्तरीच्या माणसाला लक्षणं नसतील तर थांबावं, असं आमचं मत आहे. गोळी चालू असताना टीएसएच ०.१च्या खाली असेल तर बहुधा डोस जास्त होतोय. त्याने म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. तिथे डोस कमी करायचा असतो, गोळी बंद नव्हे.

मीठ, आहार, काढे यांनी सुटलेली गोळी भरून निघत नाही. आयोडीनयुक्त मीठ सगळ्यांनी वापरावं, झाकणबंद डब्यात ठेवावं. सैंधव आणि खड्या मिठात सहसा पुरेसं आयोडीन नसतं. पण हाशिमोटोवाल्याने ‘आयोडीन वाढवतो’ म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर आजार बिघडू शकतो. कोबी, फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

खर्चासाठी गोळी सोडू नका. ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रातही विचारून बघा. कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, एवढंच.

बऱ्याचदा गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडली जाते, आणि ती लागू न पडण्याचं कारण तिच्यासोबतचा चहा असतो. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. पहाटे शेतावर निघणाऱ्याला ते जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली चालते. रोजे असतील तेव्हाही हीच वेळ सोयीची. एकादशीच्या उपवासात सकाळी पाण्याबरोबर घ्यायचीच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. गरोदर बाईने थायरॉईडची सहाला, लोहाची दुपारी, कॅल्शियमची रात्री जेवणानंतर असं बसवावं. पित्ताच्या गोळ्या, सोयाबीन यांनीही शोषण घटतं. बाटली चुलीवरच्या फळीवर, न्हाणीघरात किंवा उन्हात ठेवू नका. खानापूरच्या पावसाळ्यात तर झाकण घट्ट लावून, आतली ओल शोषणारी पुडी न काढता ठेवा, कारण ओलाव्याने औषधाचा जोर कमी होतो. सौंदत्तीच्या जत्रेला किंवा पंढरपूरला निघताना मोजून आठ दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या.

एखादा दिवस चुकला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचीच एक. खंड सहा आठवड्यांहून कमी आणि हृदयाचा त्रास नसेल तर जुना डोस तसाच सुरू करता येतो. खंड त्याहून मोठा असेल, वय साठीपुढचं असेल किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुना डोस गिळू नका. मंदावलेल्या हृदयावर तो एकदम भार टाकतो. अशांना १२.५ किंवा २५पासून सुरू करून दर चार ते सहा आठवड्यांनी चढवत नेतात. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट घेणं कुणीच करू नये. अंगातला जडपणा दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो, केस आणि कातडी पूर्ववत व्हायला काही महिने जातात, आणि पुढचं टीएसएच सुरू केलेल्या तारखेपासून सहा ते आठ आठवड्यांनी.